न भुंकणाऱ्या कुत्र्याचं घर

आबा, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि या तेवीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. जिवंत होतात तेव्हाही लिहिली नव्हती. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावं असं माझ्याकडं काही नव्हतं. आज लिहितेय ते एका कुत्र्यामुळं. कुत्र्याचं नाव काढलं की तुम्ही हातातलं काम टाकून ऐकायचात, म्हणून कुत्र्यापासूनच सुरुवात करते. माझ्यापासून केली असती तर तुम्ही अर्ध्यातच उठून मेंढरांकडं गेला असतात.

मी बीडला खानावळ चालवते. इथं सगळे तिला मेस म्हणतात आणि मला मावशी. डॉक्टर व्हायला निघालेल्या बावीस मुली दोन वेळ माझ्याकडं जेवतात, एक हात पोळीला आणि एक हात पुस्तकाला. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका सकाळी खरकट्याची बादली घेऊन मागच्या दारी गेले, तर नाल्याच्या कडेला एक वासरू उभं. खरंच वासरू वाटलं मला. कमरेएवढी उंची, राखाडी रंग, पाठीचा कणा वर आलेला. त्यानं मान वळवली तेव्हा कळलं की हे कुत्रं आहे. ते हळूहळू चालत आलं, माझ्या शेजारी उभं राहिलं आणि दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसं सगळं अंग माझ्या मांडीवर टेकवलं. मी बादलीसकट पडता पडता वाचले.

कुणाचं ते गल्लीला ठाऊक होतं. पलीकडच्या कॉलनीत एका पुढाऱ्याचा बंगला आहे, त्याच्या फाटकात ते बसलेलं असायचं आणि कामं घेऊन येणारे लोक साहेब भेटेपर्यंत त्याच्यासोबत फोटो काढायचे. साहेब निवडणूक हरले, बायकापोरांना घेऊन पुण्याला गेले, फाटकाला कुलूप लागलं आणि कुत्रं कुलपाच्या बाहेर राहिलं. हरलेल्या पुढाऱ्याला सोडून कार्यकर्ते पळतात हे मी ऐकलं होतं. इथं पुढारीच पळाला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ही जात ग्रेट डेन, वय चारेक वर्षं, आणि एवढ्या मोठ्या अंगाची कुत्री आठ-नऊ वर्षांपलीकडं फारशी जगत नाहीत. म्हणजे अर्धं आयुष्य फाटकात फोटो काढून घेण्यात गेलं होतं. बंगल्यावर त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते कुणाला आठवेना. मी 'ए बाबा' म्हणायची, तेवढ्यावर यायचं.

चार महिने ते माझ्याकडं राहिलं. एवढा मोठा देह, पण गल्लीतली मांजर आली की माझ्या पाठीमागं लपायचं. भुंकलेलं मी एकदाही ऐकलं नाही. मी कणीक मळायला बसले की येऊन टेकून बसायचं आणि मी त्याच्या वजनानं तिरकी होत होत परातीत जायची. पहिले आठ दिवस मुली किंचाळल्या, नंतर त्याच्या पाठीवर वही ठेवून अभ्यास करू लागल्या. पण मुलींच्या आईबापांना ते दिसलं आणि खोलीच्या मालकानं मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही तो. "मावशी, कुत्रं ठिवा न्हाईतर खोली ठिवा," तो म्हणाला. "पोरींचे बाप मला फोन करून इचारतेत, मेसमधी वाघ कावून बांधलाय म्हून. पाडव्यापातूर बघा कुटं देऊन टाका." माझं पोट त्या दोन खोल्यांवर चालतं, तेव्हा वाद घालायची सोय नव्हती. पाडव्याच्या आत या मुक्या जिवाला घर शोधायचं, नाहीतर ते परत नाल्याच्या कडेला. तेव्हा तुम्ही आठवलात. इतर वेळी मी तुम्हाला आठवू देत नाही.

आपल्या धर्मापुरीकडच्या वस्तीवर तुमच्या कुत्रीची पिलं मागायला कुठून कुठून लोक यायचे. पुरुष आला की तुम्ही त्याला पाणी द्यायचात, तंबाखू द्यायचात आणि म्हणायचात, "बाईला धाडून द्या." पुरुषाला तुम्ही पिलू दिलेलं मला आठवत नाही. ज्या घरी पिलू जायचं त्या घरच्या बाईनं आपल्या हातची भाकरी फडक्यात बांधून आणायची, आपल्या अंगणात बसून पिलाला चारायची, आणि तुम्ही बाजेवरून नुसतं बघत राहणार. मग एकच प्रश्न. "शेवटची भाकरी केवढी करता?" तव्यावरची पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हे सगळ्याच घरांत. पण शेवटची म्हणजे परातीतल्या उरल्यासुरल्या पिठाची, तळहाताएवढी, कडेला करपलेली. जी बाई "बारकीच व्हती की वो आबा" असं म्हणून ओशाळायची तिला पिलू मिळायचं. जी "लई मोठी करतो" म्हणायची तिला तुम्ही सांगायचात, पुढच्या वेताला बघू.

मी दहा वर्षांची असेन. आईला ताप होता आणि भाकरी माझ्याकडं आल्या होत्या. शेवटची मी अशीच बारकी केली. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या ताटातली भाकरी उचलून कुत्रीला टाकलीत आणि ती बारकी माझ्या ताटात ठेवलीत. "खा. पोट भरतंय का सांग मला." मी रडत रडत खाल्ली आणि नाही भरलं म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिचंबी भरत न्हाई. तिला सांगता येत न्हाई, एवढंच." आजही माझ्या मेसमध्ये शेवटची भाकरी पुरती होते. मुलींना वाटतं मावशीचा अंदाज चुकतो.

पिलू दिल्यावर तुमच्या तीन चकरा ठरलेल्या. तिसऱ्या दिवशी, मग महिन्यानं, मग पहिल्या थंडीत. न कळवता जायचात, आणि पिलाच्या बरगड्या हातानं चाचपून झाल्याशिवाय त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचा नाहीत. एका बड्या शेतकऱ्याच्या मळ्यातून तुम्ही कुत्री परत आणलीत ती गोष्ट तर साऱ्या भागात झाली. तो अंगावर धावून आला, त्याची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली, आणि तुम्ही त्यांच्यातून कुत्री खांद्यावर टाकून चालत निघालात. "दिली तवा इस्वासानं दिलती. आता माघारी नेतोय. वाटंत येऊ नका." तुमच्या दहाव्याला अंगणात पुरुष हीच गोष्ट सांगत होते. मुक्या जनावराची एवढी कदर करणारा माणूस परत होणे नाही, असं एक म्हातारा म्हणाला आणि त्याला हुंदका आला. मी बायकांत बसले होते, डोळे कोरडे. शेजारची बाई म्हणाली, पोरीला लई धक्का बसलाय. मी तिला तसंच समजू दिलं.

तर तुमच्याच पद्धतीनं घर शोधायचं मी ठरवलं. मुलींनी फोनवर फोटो टाकला आणि माणसं येऊ लागली. पहिला एक ढाबेवाला. त्याला ते ढाब्यासमोर बांधायचं होतं, गाड्या थांबतील म्हणाला. मग मोटरसायकलवर तिघं आले, गॉगल लावलेले. "चावतंय का मावशी?" मी म्हणाले, नाही. "भुंकतंय तरी का?" मी म्हणाले, तेही नाही. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "मंग काय करायचं बे ह्याचं, पूजा?" आणि ते हसत निघून गेले. मी जो येईल त्याला सांगायची, घरच्या बाईला घेऊन या, तिच्या हातची भाकरी आणा. लोक माझ्याकडं बघायचे आणि मग मुलींकडं बघायचे, मावशीचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. बाई घेऊन कुणीच आलं नाही. पाडवा जवळ येत चालला.

आणि मग तो आला. आधी फोन केला, चपला दारात काढल्या, मला अक्का म्हणाला, कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवला. पन्नाशीचा, पांढरे कपडे, बोलणं मऊ. "माजलगावकडं कॅनॉलच्या कडंला आपली आंब्याची बाग हाय अक्का. ह्याला मोकळं सोडून देतो. खाऊ दे, पळू दे." मी म्हणाले, तुमच्या मंडळींना घेऊन या. तो हसला. "तिला कशाला तरास? घरी पाव्हणे, जनावरं. तुमीच या की बघायला." मी गेले. कॅनॉल काठोकाठ वाहत होता. आबा, आपण कोरडवाहू माणसं. वाहतं पाणी दिसलं की आपली अक्कल त्याच्यासोबत वाहून जाते. मी झाडांखालून हिंडले, विहिरीत वाकून पाहिलं, ओलं गवत पायाला लागलं तेव्हा मला वाटलं की असल्या ठिकाणी कुणाचं काय वाईट होणार. त्याच्या बायकोनं चहा आणला. पदर कपाळापर्यंत, कपबशी ठेवली आणि दाराआड गेली. शेवटची भाकरी केवढी करतेस, हे तिला विचारायचं माझ्या लक्षातही आलं नाही. एका चहावर मी कुत्रं देऊन टाकलं.

हे मी कुणाकडून शिकले ते तुम्हाला सांगायला नको. मला मागणं आलं तेव्हा मी अठराची होते. तुम्ही त्यांच्या गावी एकदाच जाऊन आलात, तेही माजलगावकडंच, आणि आल्यावर दोन दिवस फक्त पाण्याचं बोलत होतात. "बारमाही हाय गं," तुम्ही आईला सांगत होतात, "ऊस बघ, मानूस बुडंल एवढा. आपली पोरगी जन्मात डोक्यावर हंडा घेनार न्हाई." ते मात्र खरं झालं. हंडा नाही घेतला मी. नळ घरात होता, पट्टाही घरात होता. त्या घरच्या बाईला, माझ्या सासूला, तुम्ही अंगणात बसवून काय विचारलंत आबा? माझ्या वेळी चार पुरुष बैठकीला बसले, सुपारी फुटली आणि झालं. पिलासाठी तुमची पारख केवढी, आणि माझ्यासाठी तुम्ही ऊस मोजलात. मला याचा राग आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला.

दुसऱ्या वर्षी पंचमीला मला माहेरी न्यायला तुम्हीच आलात. चौथ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही अंगणात बसून कुत्रीच्या कानातले गोचीड काढत होता. पाठीवरचा पदर बाजूला करून दाखवायची मला लाज वाटली, पण तोंडानं सगळं सांगितलं. पट्टा, चुलीतलं लाकूड, दोन दोन दिवस उपाशी कोंडून ठेवणं. तुम्ही वर पाहिलं नाही. एक गोचीड ओढलात, दगडावर ठेवून चिरडलात, मग दुसरा. तिसऱ्याला हात घालताना म्हणालात, "व्हतंय थोडंफार सगळीकडं. पान्याचं घर हाय, सोडू नको." दुसऱ्या दिवशी एसटीत बसवलंत. धावत जाऊन खिडकीची जागा धरलीत. कंडक्टरला म्हणालात, "पोरगी एकली हाय, ध्यान ठिवा." फडक्यात बांधलेल्या भाजक्या शेंगा माझ्या मांडीवर ठेवल्यात. त्या शेंगा मी वाटेत सगळ्या खाल्ल्या, आणि त्या खाल्ल्याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर सात वर्षं तुम्ही होतात. एकही चक्कर मारली नाहीत. लेकीच्या घरी बापानं सारखं जाऊ नये, पाणी पिऊ नये, असं तुम्ही म्हणायचात म्हणे. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी मी एका पिशवीनिशी त्या घरातून निघाले आणि बीडला एका वसतिगृहात भाकरी थापायला लागले. तुम्ही असताना निघाले नाही, कारण माहेर सोडून दुसरीकडं जायचं मला तेव्हा सुचत नव्हतं, आणि माहेरी आले असते तर तुम्ही पुन्हा पळत जाऊन खिडकीची जागा धरली असतीत. तुमच्या दहाव्याला मला रडू का आलं नाही ते आता तुम्हाला कळलं असेल. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

कुत्र्याचं सांगते. तिसऱ्या दिवशी जायला हवं होतं, पण मुलींच्या परीक्षा चालू होत्या आणि नवव्या दिवशी जाणं झालं. फाट्यावर उतरून कॅनॉलच्या कडेनं चालत गेले. बागेत कुत्रं दिसेना. 'ए बाबा' म्हणून हाक मारली तर विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीतून आतून काहीतरी दाराला घासल्याचा आवाज आला. दाराला कुलूप, खिडकीला पोतं लावलेलं. तेवढ्यात तो आला. चेहऱ्यावर लाज नाही, उलट माझ्याकडंच तक्रार. "काय करावं अक्का, भुंकतच न्हाई की हे. परवा चोरट्यांनी पाइप नेले, तर हे त्यांच्यासंगं फाटकापातूर चालत गेलं! म्हून जरा अंधारात ठिवलंय. अंधारात कोंडलं, तिखट चारलं, दोन काठ्या दिल्या की तेज व्हतंय कुत्रं." मी म्हणाले, दार उघड. तो हसून म्हणाला, चार दिवस थांबा, मग बघा. मी ओरडले, आबा. पोरींना मी कधी आवाज चढवून बोलत नाही, पण त्या दिवशी कॅनॉलपलीकडची माणसं काम थांबवून बघायला लागली एवढी ओरडले. त्याची बायको घरातून किल्ली घेऊन आली आणि तिनं ती माझ्या हातात दिली.

कुत्रं बाहेर आलं. उन्हानं त्याचे डोळे मिटत होते, ओठ सुजून लोंबत होते, पाठीवर दोन वळ. त्यानं आम्हा सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि चालत जाऊन त्या माणसाच्याच मांडीला टेकून उभं राहिलं. ज्यानं मारलं त्यालाच. तो बाप्या जरा ओशाळला आणि गुडघ्यानं त्याला ढकलायला लागला. मी दोरी लावली आणि माझ्या तोंडून शब्द आले, "दिलं तवा इस्वासानं दिलतं. आता माघारी नेतेय. वाटंत येऊ नका." शब्द तुमचे, आवाजही तुमचाच. मला ते आवडलं नाही, पण उपयोग झाला. "कुत्रंच हाय ना अक्का, एवढं काय त्यात," असं म्हणत तो बाजूला झाला. फाट्यावरून एक छोटा टेम्पो बागेत बोलावला, कुत्रं मागं चढवलं आणि मी त्याच्याजवळ हौद्यात बसले. बीडपर्यंत ते माझ्यावर रेलून होतं. माझा खांदा आठ दिवस दुखत होता.

दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. तिथं एक मेंढपाळ बाई लंगडी शेळी घेऊन बसली होती, चाळिशीची, नाकात मोठी नथणी. आमचं हे गेलं आणि तिला टेकलं. बाकडं करकरलं. ती घाबरली नाही, दचकली नाही. एक हात शेळीवर होता, दुसरा त्याच्या कण्यावर ठेवला आणि म्हणाली, "अगं बया, ह्येला कुनी मारलंय?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, घर कुठं आहे तेवढं विचारलं आणि शेळी काखेत मारून निघून गेली. पाडव्याला चार दिवस राहिले असताना ती मेसच्या दारात उभी. मागं नवरा, हातात पिशवी धरून. तिच्या फडक्यात ज्वारीची भाकरी होती. मी काही सांगितलं नव्हतं, ती आपणहून घेऊन आली होती. तिखटानं सोललेलं त्याचं तोंड तिच्या लक्षात होतं, म्हणून भाकरी दुधात कुस्करून तिनं त्याला हातानं चारली.

मी म्हणाले, हे भुंकत नाही हो, राखण करणार नाही. ती म्हणाली, "भुंकायला दोन हायेत आमच्याकडं. हे नुसतं बसू द्या की. सगळ्यांनीच कावून काम करावं?" मग मी तुमचा प्रश्न विचारला. ती हसायलाच लागली. "असंच इचारून एका म्हाताऱ्यानं माझ्या सासूला कुत्री दिलती. बारकी व्हती म्हनाली म्हून दिली म्हनं. सासू मरूस्तवर सांगायची. त्या कुत्रीचं वाण अजून हाय आमच्यात." नवरा म्हणाला, "देवमानूस व्हता तो." तुमचं गाव, वस्ती, सगळं त्यांना माहीत होतं. मी तुमची लेक आहे हे त्यांना सांगितलं नाही. देवमाणसाची लेक इथं भाड्याच्या खोलीत कशी, हे मग सांगावं लागलं असतं. कुत्रं त्यांच्यासोबत गेलं. वळून बघेल असं मला वाटलं होतं, त्यानं नाही बघितलं, आणि ते बरंच झालं.

तिन्ही चकरा मी मारल्या. तिसऱ्या दिवशी गेले, महिन्यानं गेले, आणि आता थंडी पडल्यावर मागच्या आठवड्यात जाऊन आले. ते वाड्यात मेंढरांमध्ये आडवं पडलेलं होतं आणि दोन कोकरं त्याच्या पोटाला चिकटून झोपली होती. बाईनं त्याच्यासाठी जुन्या घोंगडीची झूल शिवली आहे. बरगड्या हाताला लागत नाहीत. मी तिथं पाणी प्यायले, चहा घेतला, जेवून आले. त्याला घर मिळालं आबा. तुमच्या पद्धतीनंच मिळालं, हे मी कबूल करते, आणि कबूल करताना तुमच्यावरचा राग जराही कमी होत नाही. उलट वाढतो. ज्याला बरगडी चाचपता येत नाही त्याला माफ करणं सोपं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण कागद दुमडायच्या आधी, मघाशी एक गोष्ट लिहायची गाळली ती लिहिते. त्या दिवशी बागेत, टेम्पोत कुत्रं चढवताना त्या बागवाल्याची बायको मागून हात लावायला आली. नवरा लांब फोनवर कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होता. तिचा पदर सरकला आणि दंडावर काळंनिळं दिसलं. ती माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "अक्का, तुमच्या मेसमधी कामाला बाई लागती का? म्या कायबी करीन. निजायला कोपरा दिला तरी चालंल." मला कळलं सगळं. मला नाही कळणार तर कुणाला? मी म्हणाले, "बघते. कळवते तुम्हाला." आणि ड्रायव्हरला म्हणाले, चल. तिचा नंबर घेतला नाही, माझा दिला नाही. त्याला आता नऊ महिने होतील. त्या माणसाच्या ओळखी मोठ्या, मी एकटी, खोलीचा मालक काय म्हणेल, दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडा, अशी सगळी कारणं मी स्वतःला देऊन झाली आहेत. पण मेसमध्ये बाई लागत होती, आबा. पोळ्यांची बाई त्याच आठवड्यात काम सोडून गेली होती आणि कुणी असेल तर सांगा म्हणून मी साऱ्या गल्लीत निरोप ठेवला होता.